चांगोकाकांचा राउंड

आशू, ये. अशी जवळ ये आणि आधी बूड टेकव बघू. मला ठाऊक आहे, माझं हे लिहिलेलंही तू उभ्याउभ्याच वाचत असशील, एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून. परवा फोन केलास, "आत्या, कशी आहेस?" विचारलंस, आणि मी तोंड उघडेपर्यंत तुला दुसरा फोन आला. असं बोलतात का गं म्हाताऱ्या माणसाशी? मी सातवी शिकलेली बाई. लिहायला बसले की शब्द सांडलेल्या साबुदाण्यासारखे चहूकडे पळतात. तरी तीन दिवस खपून हे लिहिलंय. तेव्हा दूध उतरव आणि बस.

त्या फोनमध्ये तू एक बोललीस, ते माझ्या कानातून जाईना. म्हणालीस, "बाबा गेल्यापासून मी रोज सकाळी ॲप लावून वीस मिनिटं ध्यान करते, आत्या. एकदम शांत आहे मी. काहीच वाटत नाही." शेवटचं तर तू खुशीतच म्हणालीस. दादाला जाऊन चार महिने झाले. दवाखान्याचे कागद तू केलेस, बँकेत तू गेलीस, तेराव्याचा स्वयंपाक तू सांगितलास, आईला तू सांभाळलंस. डोळ्यांतून टिपूस नाही. सगळे म्हणाले, पोरगी किती खंबीर. मीही म्हणाले. पण परवा फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले आणि मला चांगोकाका आठवले. त्यांच्याबद्दल तुला कधी नीट सांगितलंच नाही मी.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचो. मी एका जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंगला जायची. शिवलेल्या पॅन्टींचे लोंबते धागे कातरायचे, एवढंच काम. पण तिथलं सगळं निळं असायचं बघ. आमची बोटं निळी, नखं निळी, गटारातलं पाणी निळं, आणि धुलाईच्या खोलीतून वाफ बाहेर आली की तीसुद्धा निळसर वाटायची. त्या वाफेतून एक दिवस एक बुटका, काळा, मोठ्या कानांचा माणूस बाहेर आला आणि आमच्याकडे न बघता भिंतीवरून जाणाऱ्या वाफेच्या पाइपावर, चटका बसू नये म्हणून त्याला गुंडाळलेल्या दोरीवर, तळहात टेकवून उभा राहिला. डोळे मिटलेले. आम्ही बायका हसलो. मला वाटलं, हा भिंतीचा आशीर्वाद घेतोय.

तेच चांगोकाका. बदलापूरच्या बेलवलीचे, आगरी. अंबरनाथच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं बॉयलरवर होते. कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या सेठने त्यांना आणलं. आमचा बॉयलर लहानसाच होता, धुलाईला आणि इस्त्रीला वाफ पुरवायचा, पण काका त्याची सेवा देवळातल्या मूर्तीसारखी करायचे. तासातासाला राउंड घ्यायचे. राउंड म्हणजे फेरी. राखेपासून सुरुवात, मग भट्टी, मग पाण्याची काच, मग दाबाचा काटा, मग वरचे पाइप, शेवटी धुराडं. नेहमी खालून वर. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, बघायचं, हात ठेवून ऐकायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. शर्टाच्या खिशात पुसायच्या सुताचा एक गोळा कायम असायचा. राउंड झाला की त्याने बोटं एकेक करून पुसायचे. लग्नालासुद्धा तो गोळा खिशात घेऊन जायचे म्हणतात.

सेठ सिंधी, जिभेला हाड नाही. एकदा त्यांना असं डोळे मिटून उभं बघून म्हणाला, "चाचा, ड्यूटी कर रहे हो या पूजा?" काका डोळे न उघडता म्हणाले, "ऐकताव, सेठ. तुमी बोलू नका." सेठ चक्क मागे वळला. जाताना पाऊलही हळू टाकलं त्याने.

आता नीट ऐक, कारण पुढचं सगळं यावर आहे. बॉयलरला बाहेरून एक उभी काचेची नळी असते, बोटाएवढी जाड. आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. पाणी निम्म्यावर असलं की मध्ये त्याची रेघ दिसते. एकदा काका सकाळी कामावर आले. आधीच्या पाळीच्या माणसाने जाता जाता सांगितलं, "काच फुल्ल आहे, काही बघायला नको." काकांनी पाहिलं. काच स्वच्छ होती, चकचकीत, पण रेघ नव्हती. ते पाइपापाशी गेले, हात ठेवला, आणि मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. परत येऊन त्यांनी काचेखालचा कॉक, म्हणजे छोटा नळ, उघडला. पाणी आलंच नाही. फस्सकन नुसती वाफ.

काच भरलेली नव्हती, रिकामी होती. बॉयलर आत कोरडा तापला होता. सेठ धावत आला आणि ओरडायला लागला, पाणी छोडो, जल्दी पाणी छोडो. तो पाळीचा माणूस पाणी सोडायच्या चाकाकडे झेपावलासुद्धा. काकांनी त्याचं मनगट धरलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "गार पानी सोरशील तर फुटंल. आदी आग काढ." मग आग ओढून काढली, आम्हा सगळ्यांना बाहेर रस्त्यावर उभं केलं, आणि स्वतः आत एका स्टुलावर बसून राहिले, तो लोखंडाचा जीव निवेपर्यंत. दुपार झाली. रस्त्यावर आम्ही निळ्या हातांच्या बायका दुसऱ्यांच्या ओट्यांवर बसलो होतो. ते बाहेर आल्यावर मी विचारलं, काका, तुम्हाला कळलं कसं? म्हणाले, "बाय, काच भरली का रिती, दोनी सारकीच दिसतं. बगून नाय कलत. कॉक उघरून बगावा लागतं."

ते सगळ्या बायकांना बाय म्हणत. सेठाच्या बायकोलासुद्धा.

पुढे आम्ही कॅम्प सोडला. काकांच्याच शब्दावर बेलवलीला ही खोली घेतली. त्यांचं बैठं घर आमच्या इमारतीला लागूनच, पुढे शहाबादी फरशीचा रुंद ओटा, तुला दाखवलाय मी, जिथे तू लहानपणी लगोरी मांडली होतीस. काकांनी तोवर काम सोडलं होतं. पण राउंड सुटला नव्हता. रोज सकाळी ओट्यावर पोतं टाकून बसायचे, हात मांड्यांवर, डोळे मिटून, तास-तासभर. हौसाकाकी, म्हणजे त्यांची बायको, जाता-येता टोमणे मारायची, "तीस वरसा तिथं बसला, आता हितं बसतं. माजी चूल कोन बगंल?" काका डोळे मिटूनच म्हणायचे, "सेफ्टी वाजली." बॉयलरला जास्त दाब झाला की वाफ सोडणारी सेफ्टी असते ना, ती. काकी आणखी चिडायची. मग दोघं हसायची.

मी विचारलं, काका, हे ध्यान तुम्ही कुठे शिकलात? त्यांना तो शब्द आवडला नाही. ध्यान साधूंचं, म्हणाले, मी राउंड घेतो. तीस वर्षं लोखंडाचा घेतला, आता कातड्याचा घेतो. तेही तसंच करायचे, खालून वर. आधी तळपाय, मग घोटे, पोटऱ्या, गुडघे. प्रत्येक ठिकाणी थांबायचं. इथे गरम आहे का गार, जड आहे का हलकं, मुंग्या आहेत का ठणका, का काहीच कळत नाही, ते बघायचं आणि पुढे जायचं. त्यांचा एकच नियम होता: "राउंडला हात लावाचा नाय. निस्ता बगाचा." डास बसला, बघायचं. गुडघा ठणकला, बघायचं. रडू आलं, तेही बघायचं. दुरुस्तीची पाळी वेगळी, राउंड वेगळा.

आणि वही लिहायचेच. मला वाचायला द्यायचे, लपवण्यासारखं काही नाही म्हणून. एका दिवशी लिहिलं होतं, डावा गुडघा गरम, पोट बरं, मन बारवी धरणाच्या रस्त्याला गेलेलं, जांभळं खाऊन परत आलं. दुसऱ्या दिवशी, उजव्या कानात सूं आवाज, छातीत हलकं, कारण माहीत नाही. कारण माहीत नाही, असं ते फार वेळा लिहायचे. मला तेच आवडायचं.

एकदा आमच्या सोसायटीत ध्यानाचं शिबिर झालं. चटया, उदबत्त्या, पांढरे कपडे. त्या उत्साही मंडळींनी काकांना बोलावून माइकसमोर बसवलं, अनुभवाचे दोन शब्द सांगा म्हणून. काकांनी माइककडे पाहिलं, खिशातल्या सुताने पुसला, डोळे मिटले आणि बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सगळ्या हॉलभर त्यांचा श्वास ऐकू येत होता, समुद्र लांबून ऐकू येतो तसा. मध्ये एक ढेकरही आली. काही लोक उठून गेले. मग डोळे उघडून त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका बाईला विचारलं, "बाय, तुजी डावी टाच आता कशी हाय?" ती गांगरली. खाली टाचेकडे बघायला लागली. काका म्हणाले, "नाय, डोल्यांनी नको." बस, एवढंच भाषण. लोक आठवडाभर हसत होते. पण ती बाई नंतर कित्येक महिने त्यांच्या ओट्यावर येत राहिली, टाच शोधायला.

मीही बसू लागले होते तोवर. काय सांगू तुला, आशू, पहिले पहिले दिवस काही कळायचं नाही, नुसत्या घरच्या कामांच्या याद्या. मग हळूहळू शरीर उजाडल्यासारखं व्हायचं. आपलंच घर, पण आपण कधी न शिरलेल्या खोल्या. पाठीमागे दोन खांद्यांच्या मध्ये एक जागा आहे, तिथे थंड झरा वाहिल्यासारखं व्हायचं. तळहातांत मुंग्यांची बारीक रांग चालायची. आणि कधी कधी, फार क्वचित, पाय कुठे संपले आणि फरशी कुठे सुरू झाली तेच कळायचं नाही. उल्हास नदीवरून सकाळचं धुकं येतं ना, तसं अंग व्हायचं, आकार आहेही आणि नाहीही. श्वास आत गेला की धुकं जवळ, बाहेर गेला की लांब. डोळे उघडले की कोंबडा, भांडी, रिक्षा, सगळं नवं धुतल्यासारखं.

मग तुझे काका, म्हणजे आमचे हे, गेले. दवाखान्यात दोन दिवस, संपलं. मी रडले नाही. तुझ्यासारखंच सगळं नीट केलं. आठव्या दिवसापासून पुन्हा ओट्यावर जाऊन बसायला लागले. आणि खोटं सांगत नाही, मला फार छान लागायचं. ठणका नाही, मुंग्या नाहीत, झरा नाही. सगळीकडे गुळगुळीत. राउंड झाला की काका विचारायचे, काय दिसला? मी म्हणायचे, काही नाही, काका, सगळं शांत. मला वाटायचं मी पोचले. शेजारणी माझं कौतुक करायच्या. जेवणाला चव लागत नव्हती, पण ते मी वैराग्य समजत होते.

बारा-तेरा दिवस काकांनी ऐकून घेतलं. मग एक दिवस राउंड सुरू व्हायच्या आधीच म्हणाले, "बाय, तुज्या काचेत रेघ नाय दिसत."

मी म्हटलं, भरली असेल, काका. ते हसले नाहीत.

"आज खालून नको. उजवा हात बग. रोज त्याला वलसा घालून जातेस तू."

मला राग आला. यांना काय माहीत मी आत कुठून कुठे जाते? पण डोळे मिटले आणि हाताकडे गेले, आणि खरंच, इतक्या दिवसांत मी डाव्या खांद्यावरून थेट मानेवर चढत होते. उजवा हात राहूनच जात होता. कोपर बघितलं. मनगट बघितलं. तळव्याशी आले आणि थांबले. त्या हातात यांचा अंगठा होता. रस्ता ओलांडताना हे माझा हात धरायचे आणि अंगठ्याने बोटांच्या पेरांवरून घासत राहायचे, तेवीस वर्षं, कॅम्प चारपासून बेलवलीपर्यंत प्रत्येक रस्त्यावर. दवाखान्यात शेवटच्या दिवशी शुद्ध नव्हती तरी तो अंगठा घासत होता. मग थांबला. तो तिथेच होता गं, थांबलेला, माझ्या हातात.

माझ्या तोंडून एक आवाज आला. रडणं नव्हे ते. घशातून फस्सकन नुसती हवा, कोरडी, पुन्हा पुन्हा. डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. हौसाकाकी घरातून तांब्या घेऊन धावत आली, पाणी पी, देवाची मर्जी, पोरांकडे बघ, असं एका दमात म्हणत. काकांनी तिला हात आडवा केला.

"गार पानी नको. आदी निवू दे."

काकी तांब्या घेऊन उभीच राहिली. काका माझ्या शेजारी पोत्यावर बसून राहिले, डोळे उघडे ठेवून, तेव्हा स्टुलावर बसले होते तसे. उन्हं ओट्यावर आली, ओट्यावरून गेली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते चौथ्या दिवशी, मेथी निवडताना, आणि मग आठ दिवस येतच राहिलं. नवव्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालंय हे मला कळलं. चव परत आली होती.

काकांना त्यांचं स्वतःचं आधी कळलं. एका हिवाळ्यात वहीत लिहू लागले, वरच्या मजल्याला वाफ कमी पोचते. मुलाला सांगून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनीही छातीवर यंत्र ठेवून तेच सांगितलं, फक्त मोठ्या शब्दांत. गोळ्या नेमाने घ्यायचे. एकदा मी धीर करून विचारलं, काका, बॉयलर थंड झाला की राउंड घेणारा कुठे जातो? पाइपावर ठेवायचे तसा त्यांनी तळहात मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "ते मना ठावं नाय. पन इतकी वरसा बगताव, बॉयलर जुना जाला. तो नाय जाला." आणि वहीत काही लिहिलं नाही त्या दिवशी.

शेवटचं पाहिलं ते असं. माघातली सकाळ. नदीवरून इतकं धुकं आलं होतं की काकांचं घर दिसतच नव्हतं, फक्त ओटा, आणि ओट्यावर ते. जन्मभर ज्या वाफेची राखण केली तीच सगळी त्यांना भेटायला येऊन भोवती बसल्यासारखी. मी दुधाची पिशवी घेऊन चालले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण माझं पाऊल ओळखलं आणि तळहात वर केला, थांब. मी थांबले. तो तळहात मग त्यांनी शेजारच्या फरशीवर अलगद टेकवला आणि ऐकत राहिले. काय ऐकत होते कोण जाणे. मीही उभी होते, धुक्यात माझे पाय मला दिसत नव्हते, आणि क्षणभर असं वाटलं की मला फरशीतून काहीतरी ऐकू येतंय, फार खोल, फार सावकाश. मग काकांनी खिशातून सुताचा गोळा काढला. बोटं पुसली, एकेक करून, अंगठा सर्वांत शेवटी. पाळी संपल्यावर पुसायचे तशी. गोळा खिशात ठेवला, उठले, दाराच्या चौकटीला हात लावला आणि आत गेले.

दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

आशू, तुझं "काहीच वाटत नाही" ऐकून मला त्या चकचकीत काचेची आठवण झाली. कदाचित ती भरलेली असेलही. तसं असेल तर मी म्हातारी उगाच घाबरले समज आणि हस मला. पण इतक्या लांबून, फोनवरून, मला रेघ दिसत नाही. आणि तो कॉक एकटीने उघडायचा नसतो, शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं. ॲप कितीही चांगलं असलं तरी ते पोत्यावर शेजारी बसत नाही.

आणि एक सांगते, रागावू नकोस. तो तुझा बाप होता, पण माझा दादा होता. मला पाटी-पेन्सिल धरायला त्याने शिकवलं. त्याच्या दहाव्याला मीही रडले नाही. चार महिने झाले, मी रोज ओट्यावर बसते आणि राउंडमध्ये एका जागेला वळसा घालते. कोणत्या, ते मला माहीत आहे. काका नाहीत, मग शेजारी कोण बसणार म्हणून मीही माझ्या काचेचा कॉक अजून उघडून पाहिलेला नाही.

ओटा आहे तसाच आहे. हौसाकाकीला आता ऐकू कमी येतं, पण तांब्या घेऊन ती येईलच, आणि या वेळी तिला थांबवायचं मला ठाऊक आहे. मी तुला काही विचारणार नाही, समजावणार नाही, देवाची मर्जी तर मुळीच सांगणार नाही. दोघी बसू. पोतं दोघींना पुरतं.

ये गं. या रविवारीच ये, आणि फोन पुण्यालाच ठेवून ये.